कोल्हापूरच्या चित्रकाराने समुद्र रंगवायला बसताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याची तटबंदी ही ठिकाणे जागेवर बसून जलरंगात रंगवण्याचा चांगला सराव असलेल्या एका तरुण चित्रकाराला मालवणच्या किनाऱ्यावर बसल्यावर मात्र चित्र साधत नाही. समुद्र सपाट निळ्या पट्ट्यासारखा उतरतो, रंग मेल्यासारखे दिसतात, वारा आणि वाळू बसू देत नाहीत. अशा वेळी मोबाइलवर फोटो घेऊन घरी निवांत चित्र केले तर काय बिघडले, आणि समुद्रासाठी नेमके कोणते निळे रंग घ्यावेत, असे त्यांनी विचारले आहे. कोल्हापुरात निसर्गचित्रण करण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि पावसाळा सरला की घाट उतरून किनाऱ्यावर रंगवायला जाण्याचा माझा नेम आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण खरी अडचण तिथे आहे. कोणता निळा घ्यावा हा विचार मनात धरून किनाऱ्यावर बसले की डोळे निळाच शोधत राहतात आणि समोर पसरलेले बाकीचे रंग नजरेतून सुटतात. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग आधी शोषून घेते, म्हणून खोल पाण्याला निळी झाक येते, हे खरे आहे. परंतु किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला जो समुद्र दिसतो त्यात या निळ्याचा वाटा मर्यादित असतो. पायाजवळच्या पाण्यात नजर जवळजवळ सरळ खाली उतरते, त्यामुळे तिथे तळाची वाळू दिसते. नजर जसजशी दूर जाते तसतशी ती पाण्याला अधिकाधिक तिरकी लागते, तळ दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी आकाशाचे प्रतिबिंब येते. म्हणजे एकाच समुद्राच्या अलीकडच्या भागाचा रंग वाळू ठरवते, पलीकडच्या भागाचा आकाश ठरवते आणि मधल्या पट्ट्यात ही दोन्ही एकमेकांत मिसळतात. हे ध्यानात न घेता एकच निळा वरपासून खालपर्यंत पातळ करत आणला तर तो पट्टाच दिसणार.

वाळूचा हा वाटा किती मोठा असतो हे रत्नागिरीला फार स्पष्ट पाहायला मिळते. तिथे लोक एका किनाऱ्याला पांढरा समुद्र आणि मांडवीकडच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात. दोन्हीकडे आकाश तेच आणि पाणीही तेच असते. मांडवीच्या वाळूत मात्र इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम असलेले काळे खनिज मिसळलेले आहे. त्यामुळे तिथले उथळ पाणी करडे, शिशासारखे दिसते, तर पांढऱ्या वाळूवरचे पाणी त्याच घटकेला फिकट पोपटी दिसते. दोन्ही किनारे एकाच सकाळी पाहून घ्यावेत, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. (आपण ट्यूबमधून पिळतो त्या टायटॅनियम व्हाइटचे रंगद्रव्यही इल्मेनाइटपासूनच काढतात, इतक्या काळ्या वाळूतून इतका शुभ्र रंग निघतो याचे मला आजही अप्रूप वाटते.)

आता क्षितिजाविषयी. नवख्या हाताचे समुद्रचित्र बहुतेक वेळा क्षितिजरेषेवरच फसते, कारण दूरचे सगळे फिकट ही डोंगर रंगवताना अंगवळणी पडलेली सवय तिथेही वापरली जाते. जोतिबाचा डोंगर दुरून फिकट जांभळा दिसतो, तसा समुद्रही क्षितिजाकडे फिकट होत जाईल अशी आपली अपेक्षा असते. स्वच्छ हवेच्या दिवशी नीट पाहिले तर क्षितिजाजवळचा समुद्र त्याला टेकलेल्या आकाशापेक्षा गडद असतो, आणि पुष्कळदा मधल्या पाण्यापेक्षाही गडद असतो. याचे कारण असे की दूरच्या लाटांच्या आपल्याकडे कललेल्या बाजूच तेवढ्या आपल्याला दिसतात आणि त्या बाजूंवर क्षितिजालगतचे फिकट आकाश न उमटता बरेच वरचे, अधिक निळे आकाश उमटते. म्हणून क्षितिजाशी आकाश किंचित उबदार, जवळजवळ दुधाळ गुलाबी ठेवावे आणि समुद्राची कड त्याला लागून थोड्या गडद, थंड रंगाने एका दमात ओढावी. एवढ्या एका गोष्टीने चित्रातले पाणी आडवे पडते. एप्रिल-मेमध्ये हवेत धूसरपणा असतो तेव्हा ही कड विरघळते, आणि तेव्हा ती विरघळलेलीच दाखवावी.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपला कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी समुद्राकडे पाहत बसलात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि दुपारनंतर तो तुमच्या समोर येतो. सकाळच्या वेळी ऊन आपल्या मागून पाण्यात शिरते. साधारण साडेआठ ते अकरा या वेळेत पाण्याचे हिरवे-निळे भेद, खडकांवरचे शेवाळ, होड्यांचे रंग, ओल्या जांभ्या दगडाचा तांबूसपणा हे सारे आपापल्या रंगाने दिसते. त्याआधी, सूर्य माडांच्या मागे असेपर्यंत, माडांच्या लांब सावल्या वाळूवरून थेट पाण्याकडे गेलेल्या असतात आणि किनारा निळसर जांभळ्या सावलीत असताना पलीकडचे पाणी आधी उजळते. हा थोडाच वेळ टिकणारा देखावा मला अतिशय प्रिय आहे. दुपारी तीननंतर सगळे पालटते. ऊन समोरून येते, पाण्यावर चमक पसरते, रंग धुऊन गेल्यासारखे होतात आणि होड्या, माणसे, खडक काळपट आकारांपुरते उरतात. त्या वेळी निळ्या रंगाला काम जवळजवळ उरत नाही. कागदाचा कोरा पांढरा राखणे आणि दोन-तीन करड्या छटा अचूक लावणे एवढेच काम असते. रंग फक्त एका ठिकाणी उरतो. लाट फुटण्याआधी उभी राहते तेव्हा तिचा माथा पातळ असतो आणि मागून आलेले ऊन त्यातून आरपार येऊन तो हिरवा पेटतो. सकाळच्या उजेडात लाटेचा माथा असा पेटत नाही. सकाळी सुरू केलेले चित्र दुपारी पुरे करायला बसू नये असे मी म्हणतो ते याचसाठी. त्या दोन वेळांना किनारा तोच असला तरी विषय वेगळे असतात.

स्पॅनिश चित्रकार होआकीन सोरोया (१८६३–१९२३) यांची व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरची चित्रे आपल्याकडचे विद्यार्थी इंटरनेटवर पाहतात आणि तसा उजेड मिळावा म्हणून दुपारी किनाऱ्यावर जातात. व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे उतरत्या दुपारी समुद्राकडे पाहताना सूर्य चित्रकाराच्या पाठीशी येतो, म्हणून दुपार कलल्यावरच्या उन्हात त्यांच्या चित्रांतली शिडे आणि पांढरे कपडे सोनेरी उजळतात, त्यांच्या सावल्या निळ्या-जांभळ्या होतात आणि समुद्र गर्द निळा राहतो. तो उजेड कोकणात हवा असेल तर सकाळी बसावे लागेल. म्हणून शक्य असल्यास पहाटे कोल्हापूर सोडून निघण्याऐवजी आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावरच्या गावी पोचावे. तीन-चार तासांचा घाटरस्ता उतरून गेल्यावर सकाळचा उत्तम भाग हातातून गेलेला असतो.

रंकाळ्यावर हात बसलेल्या चित्रकाराची आणखी एक अडचण मला माहीत आहे. तळ्याच्या आणि संथ नदीच्या पाण्यात प्रतिबिंब खाली सरळ उभे पडते. घाटाच्या पायऱ्या, दीपमाळ, झाड यांचे उलटे आकार सापडतात आणि उजळ वस्तूचे प्रतिबिंब थोडे गडद, गडद वस्तूचे थोडे उजळ ठेवले की पाणी झाले. समुद्रात हे आधार मिळत नाहीत. मात्र ओल्या वाळूवर ते मिळतात, आणि म्हणून कोल्हापूरच्या चित्रकाराने आधी ओली वाळू रंगवायला घ्यावी असे माझे मत आहे. लाट मागे सरते तेव्हा वाळूवर पाण्याचा अगदी पातळ थर काही क्षण उरतो. त्या क्षणांत वाळू आपला रंग सोडून पूर्ण आकाश दाखवते. दूरच्या होडीचा आकार, एखाद्या चालत्या माणसाचे पाय, ढगाची कड हे सारे तिच्यात उलटे दिसते. मग पाणी वाळूत जिरू लागते. चकाकी वरच्या अंगाने, कोरड्या वाळूच्या बाजूने नाहीशी होत खाली येते, आणि तिच्या मागे जो रंग उरतो तो कोरड्या वाळूपेक्षा बराच गडद, तपकिरी असतो. तेवढ्यात पुढची लाट येते. आकाशाचा रंग, गडद ओली वाळू आणि फिकट कोरडी वाळू हे तीन पट्टे एकमेकांत कुठे कडक आणि कुठे मऊ कडेने मिळतात हे टिपता आले की किनारा तयार होतो. इथे लाट येण्याची वाट पाहत बसावे, दहा-बारा लाटा नुसत्या पाहाव्यात आणि मगच ब्रश उचलावा.

याच पद्धतीने किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एखादी पांढरी होडी जवळून पाहावी. तिची सावलीतली बाजू आपण करडी लावून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या सावलीत वरच्या अंगाला आकाशाची निळाई असते आणि खाली, पोटाकडे, उन्हात तापलेल्या वाळूवरून परतलेला प्रकाश असतो. तो भाग चक्क नारिंगी-पिवळा असतो. पांढऱ्या रंगाच्या एका फळीवर वरून खाली येताना निळ्यापासून गेरूपर्यंतचा हा प्रवास दिसतो, आणि मधे कुठेही तयार करडा रंग सापडत नाही. फेसाचेही असेच. फेस पांढरा म्हणून त्याला कोरा कागद सोडून देतात, पण सावलीतला फेस निळसर जांभळा आणि संध्याकाळचा फेस पिवळसर गुलाबी असतो. कोरा कागद फक्त ऊन थेट पडलेल्या एखाद्या कडेसाठी राखावा. रंगावर जीव असणे याचा अर्थ मी असा घेतो की सावलीतल्या पांढऱ्यापाशी थांबून त्यात काय काय आहे ते शोधण्याचा कंटाळा येऊ नये.

पेटीत काय असावे ते आता सांगतो. अल्ट्रामरिन हा गडद निळा हवा, कारण त्याचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि त्या दाणेदारपणाने ओल्या वाळूच्या सावल्या आपोआप सजीव होतात. आकाशाच्या खालच्या भागासाठी सेरुलियन हा फिकट आकाशी निळा घ्यावा. हिरवट पाण्यासाठी प्रशियन किंवा थॅलो निळा ठेवावा, पण तो जपून. हे दोन्ही रंग कागदात मुरतात, नंतर उचलता येत नाहीत आणि थॅलो तर बाकी सगळ्यांवर स्वार होतो. पिवळ्यांत रॉ सिएना आणि लेमन यलो पुरेसे आहेत. उथळ पाण्याचा पोपटी रंग तयार हिरव्यातून कधीच बरा दिसत नाही, तो थॅलोच्या अगदी थेंबभर अंशात रॉ सिएना मिसळून करावा. बर्न्ट सिएना आणि लाइट रेड हे तांबूस मातकट रंग जांभ्या दगडासाठी, कौलांसाठी आणि विशेषतः निळ्यात मिसळून करडे करण्यासाठी लागतात. अ‍ॅलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो, म्हणून गुलाबीसाठी क्विनाक्रिडोन जातीचा रंग घ्यावा. तयार काळा पेटीत ठेवूच नये. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना यांतून हवा तेवढा गडद मिळतो आणि तो उबदार किंवा थंड करणे आपल्या हातात राहते. जून ते सप्टेंबर समुद्र गढूळ असतो, तेव्हा निळा जवळजवळ बाजूला ठेवून रॉ सिएना आणि करड्यांवरच काम चालते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पावसाळ्याच्या अखेरीस मातकट आणि हिरव्या पाण्याची सीमा दिसली तर ती जरूर रंगवावी.

फोटोबद्दल माझे मत स्पष्ट आहे. होडीची बांधणी, जाळ्याची गुंडाळी, माडाचे वळण यांच्या नोंदीसाठी फोटो उपयोगी आहे; रंगासाठी नाही. मोबाइल आपल्या हिशेबाने निळा भडक करतो, उन्हातला फेस कोरा पांढरा करून टाकतो, सावल्या काळ्या करतो, आणि वर सांगितलेला आकाश व समुद्र यांच्यातला क्षितिजावरचा नाजूक फरक तर पहिल्यांदा पुसतो. फोटोवरून चित्र करणारा त्या यंत्राचा निर्णय उतरवून घेतो. शिवाय डोळा एका वेळी एकाच जागी स्थिर नसतो. वाळूच्या सावलीत पाहताना तो उघडतो, चमकीकडे पाहताना आवळतो, आणि या सगळ्या पाहण्यांची मिळून जी जाणीव तयार होते ती जागेवरच तयार होते.

वारा, वाळू आणि दमट हवा यांचा त्रास खरा आहे, पण तो सोसण्याजोगा आहे आणि पूर्वीच्या चित्रकारांनीही तो सोसला आहे. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी पत्र्याची ट्यूब काढली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यावे लागत. ट्यूब आल्यामुळे तैलरंग घेऊन बाहेर पडणे खूप सोपे झाले. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७० साली फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेले एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले आहेत. तैलरंगात अडकलेले वाळूचे कण रंगाबरोबर तसेच सुकू द्यावेत आणि नंतर अलगद झाडावेत. रंग ओला असताना ते पुसू नयेत. जलरंगात वाळू पडली तर कागद उभा धरून टिचकी मारावी. बोर्ड लहान घ्यावा, पूर्ण इम्पीरियल कागदाचा चौथा भाग, म्हणजे साधारण ११ × १५ इंच, किनाऱ्यावर पुरे. कागद जाड, ३०० जीएसएमचा असावा आणि चारही बाजूंनी टेपने पक्का करावा. ईझलला, म्हणजे चित्राच्या उभ्या घोडीला, मधोमध दगड भरलेली पिशवी टांगावी, किंवा सरळ वाळूवर बसून बोर्ड मांडीवर घ्यावा. मी यातला दुसरा मार्ग धरतो. कागदावर थेट ऊन नको, कारण उन्हात कागद डोळे दिपवतो, आपण नकळत रंग गडद करत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. छत्री रंगीत नसावी, तिचा रंग कागदावर उतरतो.

दमट हवेचा एक परिणाम मात्र हाताची सवय बदलायला लावतो. मार्चमध्ये कोल्हापुरात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, घातला की बघता बघता वाळतो, म्हणून आपला हात घाईचा झालेला असतो. किनाऱ्यावर तोच वॉश बराच वेळ ओलसर राहतो, वरून वाळल्यासारखा दिसतो, आणि त्यावर दुसरा हात दिला की फुलकोबीसारखे डाग उठतात. हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहावी. गार लागला तर तो अजून वाळलेला नाही. समुद्राचे पाणी रंगात वापरून मिठाचे पोत उठवण्याची हौस काहींना असते. ती मला मान्य नाही. मीठ हवेतला ओलावा धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अशा कागदावर बुरशी येण्याची भीती वाढते. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, आणि परतल्यावर ब्रश व त्यांच्या धातूच्या पट्ट्या गोड्या पाण्याने धुवाव्यात.

भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय दिवस ठरवू नये. कोकणात चालत आलेला ठोकळ हिशेब असा की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते; चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. यात थोडाफार फरक पडतो, पण चित्रकाराला तो पुरतो. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला दुपारी दीड-दोनच्या सुमारास भरती असते, म्हणजे सकाळी सात-आठच्या दरम्यान पूर्ण ओहोटी लागते. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही समुद्राकडे खूप मागे सरते. पाठीशी कोवळे ऊन आणि समोर रुंद ओली वाळू, हा योग या दोन-तीन दिवसांत जुळतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत सकाळी पाणी वर असते. तेव्हा खडक आणि लाटा हे विषय घ्यावेत.

कोल्हापुरात जागेवर बसून रंगवण्याची परंपरा जुनी आहे. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, संध्यामठ, रंकाळा, पंचगंगा हा आपल्या रोजच्या पावलाखालचा परिसर रंगवला. चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. ही चित्रे पाहताना मला नेहमी जाणवते की जवळची जागा पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे तिच्या उजेडाची ओळख पक्की होते. समुद्र आपल्या घराजवळ नाही, हीच आपली अडचण आहे. म्हणून दर वेळी नवा किनारा शोधू नये. तारकर्ली, आचरे, वेंगुर्ला, जे काही जवळचे वाटेल त्यातले एकच निवडावे आणि निदान एक मोसम, कार्तिक ते माघ, तिथेच जावे.

पहिल्या खेपेला पूर्ण चित्राचा आग्रह धरू नये. एका कागदाचे टेपने सहा चौकोन करावेत आणि एकाच जागी बसून सकाळी सातपासून दर तासाला एक चौकोन भरावा. तपशील काही नको. आकाश, क्षितिजाची कड, मधले पाणी, उथळ पाणी, ओली वाळू, कोरडी वाळू एवढे सहा रंग, प्रत्येकी एकाच थरात. चौकोनाखाली पेन्सिलीने वेळ, तिथी आणि पाणी चढते की उतरते ते लिहावे. दुपारी जेवून थोडे टेकल्यावर, साडेतीननंतर, त्याच जागी बसून दुसऱ्या कागदावर असेच तीन चौकोन करावेत. परत आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांत निळा किती चौकोनांत आणि नेमका कुठे आला आहे ते पाहावे, आणि त्यावरून पुढच्या खेपेला पेटीत काय न्यायचे ते ठरवावे.